विमोचकाजवळची ओल : एका मातीच्या धरणाच्या नोंदी

११ मे २०२४

पावसाळ्यापूर्वीची पाहणी. पुण्याहून पहाटे साडेपाचला निघाले. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळला वळून भोरच्या अंगाला, तिथून पुढे कच्चा रस्ता. पाणी वापर संस्थेचे दोघे, शाखा अभियंता आणि चौकीदार नाना आधीच माथ्यावर उभे होते.

धरण १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर सुरू झालेलं, १९७८ साली पुरं झालं. लांबी ४८० मीटर, सर्वांत खोल जागी उंची १७ मीटर. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, उजव्या टोकाला सांडवा, आणि भरावाच्या पोटातून कालव्यात पाणी सोडायचा बोगदा, म्हणजे विमोचक. उंची १५ मीटरच्या वर असल्याने ते २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात येतं. म्हणजे पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक अशा दोन पाहण्या व्हायलाच हव्यात. जुनी नोंदवही मागितली. मधल्या सहा वर्षांची पानं कोरी निघाली. कुणाला बोल लावत बसले नाही. नवी वही आजच सुरू केली.

खालच्या उतारावर पाऊल टाकायला जागा नव्हती. घाणेरी, बेशरम, सुबाभूळ, आणि पलीकडे पाण्याच्या बाजूला पिचिंगमधून डोकं काढलेले तीन उंबर, त्यातला एक दोन हातांत न मावणारा. झुडपं आधी काढायची, पण गवत ठेवायचं, कारण पावसात माती तेच धरून ठेवतं. मोठा उंबर नुसता तोडून चालणार नाही. बुंधा राहिला तर मुळं आत कुजतात आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. बुंधा मुळांसकट खणून काढायचा आणि खड्डा वीतभर थरांत, ओलसर माती घालून, धुम्मस करत भरून घ्यायचा. जलाशय खाली आहे तोवरच हे होईल. पंधरा दिवस आहेत हाताशी.

बिळं : घुशींची नऊ, खेकड्यांची अकरा. सगळ्यांवर चुन्याने खुणा केल्या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली, त्यानंतर खेकड्यांवर फार बोललं गेलं. बीळ बुजवायचंच. पण खेकडा कोरड्या भरावात घर करत नाही. जिथे त्याचं बीळ सापडतं तिथे ओल का आहे, हे मला आधी शोधायचं असतं.

१८ मे

झुडपं निघाली आणि धरणाचा उतार पहिल्यांदा दिसला. साखळी २१० मीटरवर, म्हणजे धरणाच्या टोकापासून लांबीवर मोजलेल्या एवढ्या अंतरावर, विमोचकाच्या डाव्या हाताला चारेक मीटरवर, पायथ्यापासून तीन मीटर उंचीवर हिरवा डाग. मे महिना, आजूबाजूचं सगळं गवत पिवळं पडलेलं आणि एवढ्याच जागी लव्हाळा तरारून उभा. जमीन वर्षभर ओली असल्याशिवाय लव्हाळा टिकत नाही. हात लावला तर माती गार.

नाना म्हणाले, "ताई, ही ओल म्या पोरगा व्हतो तवापासनं हाय. पर तवा ती खाली वढ्याशी असायची. म्हशी येऊन बसायच्या तिथं उन्हाळ्याच्या. आता म्हशी हितं वर येऊन बसत्यात."

हे वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं. ओल जुनी आहे यात भिण्यासारखं काही नाही, मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतंच. पण ती खालून वर सरकली आहे आणि काळजी त्याची आहे. धरणाच्या पोटातली पाझर रेषा, म्हणजे भरावात पाझराचं पाणी जिथवर चढलेलं असतं ती रेषा, वर चढली की ओल उतारावर बाहेर येते. त्याची कारणं दोन असू शकतात. एक, पायथ्याचा निचरा तुंबला, पाण्याला खालून वाट मिळेना म्हणून ते वर फुगलं. दोन, विमोचकाच्या बांधकामाला लागून, माती आणि दगड यांच्या सांध्यातून पाणी वाट काढतंय. पहिल्या दुखण्यावर फावडं पुरतं. दुसरं असेल तर झोप उडावी असं प्रकरण आहे.

ओलीच्या वरच्या कडेपासून पायथ्यापर्यंत उतारावर पाच खुंट्या ठोकल्या. क्रमांक १ सर्वांत वर, ५ सर्वांत खाली. आज पाचही ओलीत.

२५ मे

जुना नकाशा मिळाला. निळ्या कागदाच्या घड्या फाटलेल्या, पण विमोचकाचा छेद वाचता येतो. दगडी बांधकामाचा चौकोनी बोगदा, वर स्लॅब, पाणी बोगद्याला लागून सरळ पळू नये म्हणून भरावात तीन ठिकाणी बाहेर काढलेल्या आडव्या भिंती. दार जलाशयाकडच्या विहिरीत. दार बंद असलं की बोगदा रिकामा असतो, त्यामुळे आतून पाहता येतो.

आत शिरलो. नियम पाळले : दार बंद करून कुलूप, बाहेर दोन माणसं, कमरेला दोरी, आधी तासभर दोन्ही बाजूंनी वारं खेळू दिलं. ओणवं होऊन जावं लागतं. बाहेरच्या तोंडापासून २२ मीटरवर डाव्या भिंतीच्या सांध्यातून थेंब. खाली चुन्याचे पांढरे ओघळ साचलेले, म्हणजे थेंब जुने. थेंबांखाली अर्धा तास बाटली धरली. पाणी नितळ, तळाशी गाळाचा कणही नाही. सांध्यात सुरी घालून पाहिली, बोटभर आत गेली आणि थांबली.

डावी भिंत म्हणजे ओल आहे तीच बाजू.

२ जून

पायथ्याची निचरा चारी मोकळी केली. चारी शोधावीच लागली, कारण पंधराएक वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामाचा राडारोडा तिच्यावर टाकलेला आणि त्यावरून बैलगाडीची वाट पडलेली. ६० मीटर खणलं. दगडी पायथ्याच्या सांद्या मातीने लिंपल्यासारख्या भरल्या होत्या. ३२व्या मीटरला पहारीने एक दगड हलवला आणि पाणी भसकन बाहेर आलं. खाली उभी असलेली पोरं ओरडत वर पळाली. गावात अर्ध्या तासात बातमी, धरणाला भोक पडलं.

संध्याकाळी देवळासमोर सगळ्यांना सांगितलं. हे पाणी धरणात अडकून बसलं होतं, त्याला बाहेर यायची जी वाट बांधणाऱ्यांनी ठेवली होती ती बुजली होती, ती आपण उघडली. एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, मग बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून ओल बंद का करत नाही? प्रश्न रास्त होता. खालची बाजू बंद केली तर पाणी थांबत नाही, आत दाब धरतं आणि एक दिवस माती घेऊनच बाहेर पडतं. अडवायचं असतं ते जलाशयाकडच्या बाजूला आणि गाभ्यात. खालच्या अंगाने पाण्याला जाऊ द्यायचं, फक्त त्याच्याबरोबर माती जाऊ द्यायची नाही.

पाझराचं पाणी मोजायला चारीच्या तोंडाला ९० अंशांची व्ही खाच असलेला पत्रा बसवला. आजचं वाचन ५ सेंमी, म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर. खाचेत पाण्याची उंची थोडी वाढली तरी प्रवाह झपाट्याने वाढतो : ६ला सव्वा लिटर, ८ला अडीच. म्हणून नानांना मिलिमीटरमध्ये वाचायला शिकवलं. रोज सकाळी सातला चार गोष्टी लिहायच्या : जलाशयाची पातळी, पाऊस, खाचेतली उंची आणि पाण्याचा रंग. रंग पाहायला काचेची बाटली. भरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी तळ पाहायचा.

नुसता आकडा वाढला म्हणून घाबरायचं नाही. जलाशय चढला की पाझर चढणारच. जलाशय तिथेच, पाऊस नाही आणि तरी पाझर वाढतोय, किंवा पाणी गढूळ झालं, तर वेळ न बघता फोन. हे वहीच्या पहिल्या पानावर नानांच्या नातीने ठळक अक्षरात लिहून दिलं.

९ जून

मृग लागला, दोन सरी झाल्या. मोठा उंबर निघाला, खड्डा काल भरून झाला.

सांडव्यावर मातीच्या पिशव्या. गेली काही वर्षं पावसाळा संपता संपता लावायच्या, असं चाललं होतं. यंदा मागच्या वर्षीच्या काढल्याच नव्हत्या, फूटभर उंचीची भिंत आडवी उभी होती. काढू या म्हटल्यावर वातावरण तापलं. "धरण उशाला, कोरड घशाला" हे वाक्य दोनदा ऐकलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. जलाशयाचा पसारा ३० हेक्टर, त्यावर ३० सेंमी पाणी म्हणजे नव्वद हजार घनमीटर, तीन दलघफूच्या (दशलक्ष घनफुटांच्या) वर. कालव्याला पाणी सोडायच्या शेवटच्या पाळीला टोकाच्या शेतकऱ्याचा गहू त्यावर उभा राहतो. तो हट्टाने बोलत नाही, पोटासाठी बोलतो.

मग कागदावर मांडून दाखवलं. सांडवा ४० मीटर रुंद. मोठा पूर आला की उंबरठ्यावरून १.२ मीटर उंचीने पाणी जावं अशी आखणी, त्यात सेकंदाला सुमारे ८९ घनमीटर जातं. ३० सेंमी पिशव्यांनी खाल्ले तर त्याच पातळीला ५८च घनमीटर जातं. एक तृतीयांश वाट आपण आपल्या हाताने बंद केली. उरलेलं पाणी मागे चढत जातं आणि शेवटी माथ्यावरून जातं. दगडी धरण माथ्यावरून गेलेलं पाणी काही काळ सोसतं. मातीच्या धरणाला तेवढी सवड नसते. ११ ऑगस्ट १९७९ला मोरबीच्या मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध असेच माथ्यावरून पाणी जाऊन वाहून गेले.

दीड तास बोलणं चाललं. शेवटी पिशव्या त्यांनीच काढल्या. बदल्यात मी संस्थेबरोबर कालव्याच्या पहिल्या दोन किलोमीटरची गळती मोजायचं कबूल केलंय. माझ्या अंदाजाने पिशव्यांच्या पाण्यातला बराच वाटा तिथेच मुरतो.

१२ जुलै

आज धरणावर गेले नाही. गोखलेनगरात आईकडे होते. आमचं घर पूरग्रस्तांच्या वसाहतीतलं. १९६१ साली आजच्याच तारखेला पानशेत फुटलं तेव्हा आई आठ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. सकाळी शाळेतून परत पाठवलं, आजोबांनी सगळ्यांना पर्वतीच्या पायऱ्यांवर नेलं, परत आले तेव्हा वाड्याची मागची भिंत नव्हती. आई दरवर्षी सांगते. यंदा मी तिला विमोचकाबद्दल सांगितलं.

पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आत त्या पावसाळ्यात भरलं. विमोचकाची दारं नीट चालवायची यंत्रणा बसली नव्हती, बोगद्यातून पाणी धडका देत वाहत होतं, बोगद्याला इजा झाली आणि त्याच्या वरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर मातीची पोती टाकून माथा उचलून धरला. सकाळी धरण गेलं. त्या लोंढ्यापुढे १८७९ सालचं दगडी खडकवासलाही दुपारी फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं.

आई गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढ्याशा नळीपायी?" मी हो म्हटलं. पुन्हा म्हणाली, "मग तू तिथे रोज का नाही जात?"

नानांचं वाचन फोनवर : पातळी सांडव्याच्या उंबरठ्याखाली ४.१ मीटर, खाच ६ सेंमी, पाणी नितळ.

२५ जुलै

ही नोंद २७ला लिहिते आहे, वेळा कच्च्या कागदावरून घेतल्या.

२४च्या संध्याकाळी घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा होता, म्हणून मुक्कामालाच गेले. पुष्य नक्षत्र, नाना त्याला म्हातारा पाऊस म्हणतात. रात्री पत्र्यावर असा कोसळत होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. इकडे पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरल्याचं सकाळी कळलं.

पहाटे ३.४० : सांडवा सुरू.
५.१५ : सांडव्यावर ४५ सेंमी. माथा सुरक्षित. खाच ९ सेंमी, पाणी गढूळ.

गढूळ म्हटल्यावर पोटात खड्डा पडला. पण उतारावरून धुऊन येणारी लाल माती चारीतच येत होती. वरून आलेला गढूळपणा आणि आतून आलेला गढूळपणा वेगळा करायचा कसा? नानांनी आणि तीन पोरांनी चारीच्या वरच्या अंगाला टिकावाने आडवा चर मारून उतारावरचं पाणी बाजूला काढलं. पंचवीस मिनिटांनी खाच ८ सेंमीवर, बाटलीतलं पाणी निवळत चाललेलं. जीव भांड्यात पडला.

६.५० : विमोचकाच्या तोंडापासून डावीकडे दीड मीटरवर, पायथ्याच्या सपाट जागेत नानांच्या नातीला "पाणी उकळतंय" असं दिसलं. वाटीएवढी उकळी. मधून पाणी वर येतंय आणि भोवती बारीक रेतीचं कडं साचतंय. हात घातला. रेती बोटांतून फिरत होती. पाणी माती घेऊन येत होतं.

इथे पहिला विचार सगळ्यांच्या मनात एकच येतो, बुजवा. एकाने चिखलाचं पोतं आणलंही होतं. ते थांबवलं. उकळीवर उलटी गाळणी रचायची असते : आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वरून दगड. पाणी वर येत राहतं, माती वाळूत अडकते. यासाठीच जूनमध्ये चौकीमागे तीन ढीग करून ठेवले होते. सतरा-अठरा माणसं, बायकाही, घमेल्यांची रांग. पहिली वाळू उकळीने उडवून लावली. म्हणून आधी हलक्या हाताने मोठी खडी टाकून पाण्याचा जोर मोडला आणि मग पुन्हा वाळूपासून सुरुवात केली. दीड मीटर व्यासाचा, गुडघाभर उंचीचा ढीग झाला.

त्याच वेळी शाखा अभियंत्याने विचारलं, दार उघडून पातळी उतरवायची का? मी नको म्हटलं, त्यालाही पटलं. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, एवढा होता की विमोचकाने पातळी वीतभरही उतरली नसती, आणि ज्या बोगद्याच्या कडेबद्दल संशय आहे त्यातूनच त्या घडीला वेगाने पाणी सोडायचं नव्हतं. त्याने तहसीलच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. ओढ्याकाठच्या अकरा घरांतली माणसं, गुरं शाळेत हलवली. एकाही घराने का म्हणून विचारलं नाही.

१०.०५ : गाळणीतून येणारं पाणी नितळ.
१२.३० : नितळ. सांडव्यावर ३० सेंमी, उतरतंय.
रात्रभर दर तासाला बाटली. एकूण चौदा बाटल्या चौकीच्या कट्ट्यावर ओळीने, प्रत्येकीवर वेळेची चिठ्ठी. सकाळी पहिल्या चार बाटल्यांच्या तळाशी रेती, पुढच्या दहा स्वच्छ.

१८ ऑगस्ट

जलाशय तीन आठवडे काठोकाठ, पातळीत बोटभराचा फरक नाही. खाच रोज ८ सेंमीच्या आसपास, वाढ नाही. उकळी पुन्हा नाही. खुंटी १ आणि २ कोरड्या. पूर्ण भरलेल्या धरणाला वरच्या दोन खुंट्या कोरड्या, म्हणजे निचरा चालू झाला आणि पाझर रेषा खाली बसली. हा आकडा लिहिताना फार बरं वाटलं.

१७ सप्टेंबर

विसर्जन. ट्रॅक्टर माथ्यावर नेऊ नका म्हणून मंडळांना आठवडाभर आधी भेटलो होतो. दोघांनी ऐकलं, एकाने नेला, चाकोऱ्या पडल्या. मुरूम टाकून भरून घ्यायच्या.

२० ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची पाहणी. अहवालात माझं मत असं लिहिलं : उतारावरची ओल मुख्यतः निचरा तुंबल्यामुळे वर आली होती आणि चारी मोकळी झाल्यावर उतरली. पण विमोचकाशेजारची उकळी त्यात बसत नाही. बोगद्यातला २२ मीटरवरचा सांधा आणि ती उकळी डाव्या बाजूच्या एकाच रेषेत येतात. उरलेल्या तीन खुंट्या सुकल्या तरी ही शंका मिटत नाही.

बैठकीत सिमेंटचं ग्राउट (पातळ कालवण) लगेच दाबून भरू या, असा सूर होता. मी विरोध केला. पाणी कुठून कुठे जातंय ते कळायच्या आत दाबाने ग्राउट ढकललं तर गाळणी नाहीतर निचराच बुजायचा, आणि मे महिन्यात होतो तिथे परत येऊ. आधी विमोचकाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन उभ्या नळ्या बसवून भरावातली पाण्याची पातळी पाहायची, एक पावसाळा तिचं वाचन घ्यायचं. गाळणीचा तात्पुरता ढीग काढून तिथे प्रतवारीची वाळू आणि खडी मोजून पक्की गाळणी बांधायची. ही मागणी मान्य झाली, रक्कम अजून नाही.

८ डिसेंबर

रब्बीची पहिली पाळी सुरू. दार पाव उघडलं. त्याआधी बोगद्यात पुन्हा जाऊन आले, सांधा तसाच, सुरी तेवढीच आत. पाणी सोडताना डाव्या बाजूला नाना, उजव्या बाजूला मी, तासभर पायथ्याशी बसून होतो. काही हललं नाही.

पातळी उंबरठ्याखाली १.३ मीटर. खाच ६.६ सेंमी. बाटली स्वच्छ. खुंटी १, २, ३ कोरड्या, ४ ओलसर, ५ ओली. कालव्याच्या गळतीचं मोजमाप शनिवारी, पहिल्या किलोमीटरपासून. नळ्यांसाठीचं स्मरणपत्र उद्या देणार.